माझ्या पिट्युटरीचा शेजार

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली, आणि “केवढी आहे गाठ?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर पाठच करून टाकलं. उभी २६ मिलिमीटर, आडवी २२, पुढून मागे २०. दिंडोरीकडचा माझा भाऊ द्राक्षवाला. तो फोनवर जरा थांबला आणि म्हणाला, “ताई, आमचा एक्स्पोर्टचा मणी अठराचा असतो गं.” त्याला माप कळलं. सासूबाईंना आकडे नकोच होते, त्यांनी वणीच्या देवीला नवस बोलून टाकला. सोसायटीतल्या एकीने कुणाची तरी चाळीसची होती आणि तरी ती बाई आता गरबा खेळते, असं सांगून धीर दिला.

आकार विचारतात यात गैर काही नाही. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कळण्यासारखं तेवढंच असतं. पण फिल्म वाचायला थोडंफार शिकल्यावर माझं मत असं झालं, की या गाठीत आकड्यापेक्षा शेजार जास्त महत्त्वाचा. ती कुणाला टेकली आहे, कुणाला ढकलते आहे आणि कुणापासून अजून लांब आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. मी नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे. आयटीआयचा ड्राफ्ट्समन कोर्स, मग कॅड, म्हणजे संगणकावरचं ड्रॉइंग. नवा पार्ट टेबलावर आला की आमच्याकडे आधी विचारतात, हा बसतो कुठे आणि आजूबाजूला क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, किती. डोक्यातल्या पार्टकडेही मी त्याच सवयीनं बघितलं.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. म्हणजे आधी चष्म्यापासून. दुकानात नंबर बदलला, काही महिन्यांनी पुन्हा बदलला, पण अक्षर स्पष्ट दिसलं तरी काहीतरी राहतंय असं वाटायचं. सुईत दोरा ओवायला बसले की दोरा सुईच्या मागे कुठेतरी नाहीसाच व्हायचा. स्कूटी चालवताना दोन्ही बाजूंनी रिक्षा एकदम अंगावर आल्यासारख्या दिसायच्या. पण मी रोज द्वारका सर्कलवरून जाते, तिथे ते कुणाला होत नाही? पाळी बंद झाली होती, पण शेहेचाळिसाव्या वर्षी त्यासाठी आमच्यात कुणी डॉक्टरची पायरी चढत नाही. थकव्याचं तर बोलायलाच नको, तो नोकरी करणाऱ्या बाईच्या पगारातच धरलेला असतो.

गंगापूर रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बघितला, ठीक आहे म्हणाले, आणि मग कुठलंही यंत्र न लावता माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. माझा एक डोळा हाताने झाकायला लावला. “माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा.” बाहेरच्या बाजूने त्यांचं बोट आत आत येत होतं, आणि मला ते पार त्यांच्या कानाजवळ आल्यावर दिसलं. दुसऱ्या डोळ्याला अगदी तसंच, पण उलट्या बाजूने. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, “फिल्ड करून घेऊ.”

फिल्ड म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी. एका मोठ्या पांढऱ्या वाटीत हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कुठेही बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. छापून आलेल्या कागदावर दोन गोल होते. डाव्या डोळ्याच्या गोलात डावीकडचा भाग काळवंडलेला, वरच्या कोपऱ्यात जास्तच गडद. उजव्या डोळ्याच्या गोलात उजवीकडे तेच. आम्ही कॅडमध्ये मिरर कमांड देतो तसं.

डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे आकृती काढून दाखवली. दोन्ही डोळ्यांच्या नसा मागे जाऊन मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. डोळ्याच्या पडद्याचा नाकाकडचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूचं बघतो, आणि त्या अर्ध्याचेच तंतू तिथे एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. त्या जागेला ते कायाझम म्हणत होते. तिच्या बरोबर खाली पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी. तिथली गाठ वर वाढली की खालून आधी ओलांडणाऱ्या तंतूंवर दाब येतो, म्हणून दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू जाते. त्यातही वरचा कोपरा आधी. दोन्ही डोळे उघडे असताना एकाचं उणं दुसरा बऱ्याच अंशी भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. नजर कमी होते आणि नंबर मात्र बरोबर निघतो.

त्यांनी चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन एमआरआय’ लिहिलं नाही. ‘पिट्युटरी, डायनॅमिक कॉन्ट्रास्टसह’ असं लिहिलं, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन लगेच लागोपाठ काढलेली चित्रं. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन. कॉन्ट्रास्टचं औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, त्यामुळे ती नीट चालतात ना ते आधी बघतात. मूत्रपिंड फारच खराब असेल तर काही प्रकारची गॅडोलिनियमची कॉन्ट्रास्ट औषधं अंगावर उलटू शकतात.

या ‘डायनॅमिक’ शब्दाची किंमत मला स्कॅन सेंटरच्या बाकड्यावर कळली. शेजारी सिन्नरची एक पंचवीस-सव्वीसची मुलगी आईबरोबर बसली होती. लग्न झालेलं, मूल नाही, तरी छातीतून दूध येत होतं, पाळी थांबली होती. रक्तात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं. आधी दुसरीकडे डोक्याचा साधा एमआरआय झाला होता आणि तो नॉर्मल आला होता. साध्या तपासणीत काप साधारण ५ मिमी जाडीचे घेतात, आणि अख्खी ग्रंथी मुळात जेमतेम ६ ते ८ मिमी उंच. तिच्यातली ४ मिमीची गाठ दोन कापांच्या मध्ये सहज हरवते. दहा मिमीच्या आतली ती मायक्रोअॅडिनोमा, दहा आणि वरची मॅक्रो. माझी मॅक्रो आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी त्या मुलीलाच धीर देत होते.

फॉर्म मोठा होता. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं यंत्र, गर्भारपण. मग टेक्निशियन मुलाने विचारलं, “ताई, कारखान्यात आहात ना? ग्राइंडिंग, वेल्डिंग करता का? डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता?” मी ड्रॉइंगवाली, पण शॉपफ्लोअरवर जाणं असतंच. नाही म्हटलं. तो म्हणाला, सातपूर-अंबडच्या माणसांना आम्ही हे दोनदा विचारतो. शंका असली तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतो. बारीकसा कणही चुंबकात हलला तर डोळा आतून फाडू शकतो. कारखान्यात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे डोळ्यात कीस गेला की शेजारचा माणूस रुमालाच्या टोकाने काढून देतो आणि दोघंही विसरून जातात.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, आणि सासूबाईंनी बांधलेला ताईत. सगळं नवऱ्याच्या रुमालात गेलं. ताईत तांब्याचा आहे, चुंबकाला चिकटत नाही, असं नवरा टेक्निशियनला समजावायला लागला. त्या बिचाऱ्याने ऐकून घेतलं आणि तरी काढायला लावला.

यंत्र दीड टेस्लाचं होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. हे चुंबक बटण दाबून चालू-बंद होत नाही. आतल्या तारा उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात बुडलेल्या असतात आणि तपासणी नसतानाही ते तसंच चालू असतं. डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली, तिच्यावर एक छोटा आरसा, त्यात माझीच पावलं दिसत होती. हातात दाबायला रबरी फुगा दिला. कानात बोळे, वर हेडफोन.

आवाजाचं लोकांनी फार भय घातलं होतं. मला प्रेस शॉपची सवय, त्यामुळे त्रास कमी आणि कुतूहल जास्त. हा आवाज मोठ्या चुंबकाचा नसतो. आतल्या छोट्या कॉइलमधला प्रवाह सेकंदात कित्येकदा बदलतात, त्याने त्या कॉइल थरथरतात आणि ठोके ऐकू येतात. काप कुठून आणि किती जाडीचा घ्यायचा हे त्या कॉइल ठरवतात. प्रत्येक प्रकारच्या चित्राचा ठेका वेगळा. मग हेडफोनमध्ये, “ताई, आता औषध जाईल, हात गार पडेल, अजिबात हलू नका.” खांद्यापर्यंत गारवा चढला आणि लगेच छोट्या छोट्या ठोक्यांची एक मालिका सुरू झाली. तो भाग डायनॅमिकचा.

बाहेर आल्यावर मी रेडिओलॉजिस्ट मॅडमना विचारलं, स्क्रीनवर बघू द्याल का? रिपोर्ट उद्या मिळेल, डॉक्टर सांगतील, असं नेहमीचं उत्तर येणार अशी तयारी होती. त्यांनी विचारलं, काय करता? ड्रॉइंग म्हटल्यावर म्हणाल्या, “मग या. तुम्हाला सेक्शन समजावून सांगायला नको.” त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. नंतर भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरांशी मला बोलता आलं ते त्या खुर्चीत बसल्यामुळे.

पहिलं चित्र बाजूने घेतलेला उभा काप, डोक्याच्या बरोबर मधोमध. नाकाच्या मागे एक काळी पोकळी, स्फेनॉइड सायनस. हवा असते म्हणून काळी. तिच्या छताला, मागच्या अंगाला हाडात एक खळगा. त्याला सगळे सेला म्हणतात. पिट्युटरी या खळग्यात बसते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. वर मेंदूच्या तळातून एक बारीक देठ तिच्यात उतरतो. निरोगी माणसात ग्रंथीच्या मागच्या कडेला एक ठिपका पांढराशुभ्र चमकतो, तो ग्रंथीच्या मागच्या भागाचा. मॅडमनी आधीच्या कुणाचं तरी नॉर्मल चित्र नाव झाकून शेजारी लावलं, म्हणून फरक कळला. माझ्या चित्रात खळगा फुगून खोल झालेला, त्याची तळाची भिंत कागदासारखी, आणि त्यातून राखाडी गोळा वर आलेला. मध्ये एका जागी कंबर आवळल्यासारखा. खळग्याच्या तोंडावर एक पडदा असतो. गाठ त्या पडद्याच्या भोकातून वर चढली की तिथे आवळली जाते.

मग समोरून घेतलेले काप. इथे माझा पहिला गोंधळ: स्क्रीनच्या डाव्या बाजूला इंग्रजीत उजवीकडची खूण. मॅडम म्हणाल्या, रुग्ण आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं समजून बघायचं. त्याची उजवी आपल्या डावीकडे. आडवे कापही पायांकडून वर बघितल्यासारखे. कुठलं प्रोजेक्शन ते कळल्यावर पुढचं सोपं गेलं.

या समोरच्या कापात शेजार दिसतो, सगळाच्या सगळा. खाली सायनस. दोन्ही अंगांना केव्हर्नस सायनस, म्हणजे रक्ताने भरलेल्या शिरांची जाळी, आणि तिच्यातून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड. टी-२ प्रकारच्या चित्रात ही कॅरोटिड दोन्ही बाजूंना काळी कुळकुळीत गोल दिसते, कारण जोरात वाहणारं रक्त चित्र उमटायच्या आत पुढे निघून जातं. मॅडमनी बाणाने एकेक करून दाखवलं: तिच्याभोवती डोळे फिरवणाऱ्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेच्या दोन फांद्या. ग्रंथी आणि ही जाळी यांच्यामध्ये हाड नाही, फक्त पातळ आवरण. “एकाचं दोन दिसतं का? पापणी पडते का? गाल बधिर?” नाही. “चला, बाजूला असली तरी नसांना अजून छळत नाहीये.”

मग त्यांनी मला आवडेल अशी गोष्ट केली. प्रत्येक बाजूची कॅरोटिड या कापात दोनदा येते, एकदा खाली, एकदा वर, कारण ती वळसा घेऊन जाते. त्या दोन गोलांना जोडणाऱ्या तीन रेषा त्यांनी स्क्रीनवर आखल्या: आतल्या कडांना स्पर्श करणारी, मध्यबिंदूंतून जाणारी, बाहेरच्या कडांना स्पर्श करणारी. गाठ आतल्या रेषेच्या आतच असली तर श्रेणी शून्य, ती ओलांडली तर एक, मधली ओलांडली तर दोन, बाहेरची ओलांडली तर तीन, आणि कॅरोटिडला पूर्ण वेढा पडला तर चार. ही नॉस्प श्रेणी, व्हिएन्नाच्या एन्गेलबर्ट नॉस्प यांनी १९९३ मध्ये मांडलेली. मेंदूच्या शस्त्रक्रियेत स्पर्शरेषा वापरतात हे ऐकून मला माझ्या आयटीआयच्या सरांची आठवण झाली. ते म्हणायचे, जिथे दोन वर्तुळं तिथे टँजंट येणारच. माझी उजवीकडे एक, डावीकडे तीन.

आता वर. कायाझम सरळ आडव्या पट्टीसारखं दिसायला हवं. माझ्यात ती पट्टी गाठीच्या डोक्यावर ताणून बसवल्यासारखी, मधोमध इतकी पातळ की मॅडमना दोन काप पुढे-मागे करून शोधावी लागली. फिल्डच्या कागदावरचे दोन काळे डाग इथून निघाले होते.

शेवटी डायनॅमिकची चित्रं. औषध गेल्यापासून दर काही सेकंदांनी एक, पहिल्या दोन-तीन मिनिटांची. पिट्युटरीला मेंदूसारखा रक्तातल्या पदार्थांना अडवणारा पहारा नाही, त्यामुळे निरोगी ग्रंथी चटकन उजळते: आधी देठ, मग मधून बाहेरच्या बाजूला. गाठ मागे पडते, सावकाश उजळते. सिन्नरच्या मुलीसारख्या बारीक गाठी त्याच मधल्या मिनिटाभरात काळसर ठिपका म्हणून सापडतात. उशीर केला तर दोघी सारख्याच पांढऱ्या होतात. माझ्यात गाठ शोधायची गरजच नव्हती, शोधायची होती ती ग्रंथी. उजवीकडे वरच्या कडेला दाबून चंद्रकोर झालेली एक उजळ रेघ होती. “ही तुमची खरी पिट्युटरी. हिला जपायचं आहे, सर्जनना दाखवा नक्की.” देठही उजवीकडे कलला होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट न विचारता सांगितली. कॅरोटिडला आलेला फुगा कधी कधी या जागी गाठीसारखा दिसतो. त्याला गाठ समजून कुणी नाकातून हात घातला तर काय होईल, हे सांगायची गरज नव्हती. फुगा असता तर आत वाहतं रक्त, म्हणजे काळं. माझ्यात तसं काही नाही याची त्यांनी खात्री करून घेतली होती.

रक्ताच्या तपासण्यांचं थोडक्यात सांगते. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कमी. थायरॉईड कमी आणि तरी त्याला हुकूम देणारं टीएसएच वाढलेलं नाही, कारण तो हुकूम सोडणारी पिट्युटरीच दबलेली. प्रोलॅक्टिन थोडंसं वाढलेलं. नवऱ्याला आशा वाटली, कारण प्रोलॅक्टिनच्या गाठी मोठ्या असल्या तरी बहुतेक वेळा गोळ्यांनी आकसतात आणि ऑपरेशन टळतं. पण हार्मोनच्या डॉक्टरांनी फिल्म समोर धरली आणि देठावर बोट ठेवलं. मेंदूकडून प्रोलॅक्टिनला आवर घालणारं डोपामिन या देठातून उतरतं. देठ दबला की आवर सुटतो आणि प्रोलॅक्टिन जरासं चढतं. एवढ्या मोठ्या गाठीने स्वतः ते बनवलं असतं तर आकडा कितीतरी पटीने जास्त आला असता. नमुना पातळ करूनही पुन्हा मोजला, कारण फारच जास्त प्रोलॅक्टिन असलं तर तपासणी फसून आकडा खोटा कमी येऊ शकतो. तसंही नव्हतं. मग आधी स्टेरॉइडची गोळी, नंतर थायरॉईडची, याच क्रमाने. उलट केलं तर जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनाने लिहिलं.

ऑपरेशन कुठे करायचं यावरून घरात आता दोन पक्ष पडले, मुंबईवाले आणि नाशिकवाले. मुंबईवाल्यांकडे मामेसासरे होते, त्यामुळे त्यांचं पारडं जड. मी एमआरआयच्या सीडीच्या दोन प्रती काढल्या, एक मुंबईला पाठवली. दोन्हीकडून एकच उत्तर आलं: नाकातून, दुर्बिणीने, आणि फार लांबवू नका. मी नाशिकमध्येच करायचं ठरवलं. पुढची सगळी वर्षं तपासण्या इथेच व्हायच्या होत्या.

सर्जननी सीटी स्कॅन मागवला. नवरा म्हणाला, एमआरआय झाला ना? पण एमआरआयला हाड नीट दिसत नाही आणि नाकातून जायचं म्हणजे वाट हाडाचीच. स्फेनॉइड सायनसमध्ये हाडाचे पडदे असतात, क्वचितच बरोबर मधोमध. माझा पडदा मागे जाऊन डावीकडे कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटत होता. तो हिसका देऊन मोडायचा नाही, घासून काढायचा, हे त्या काळ्या-पांढऱ्या कापावरून ठरलं. बोलता बोलता सर्जन म्हणाले, इन्सब्रुकला हर्मन श्लोफर यांनी १९०७ मध्ये नाकाच्या वाटेने पहिल्यांदा पिट्युटरीची गाठ काढली तेव्हा एमआरआय-सीटी काहीच नव्हतं. कवटीच्या एक्स-रेवर खळगा फुगलेला दिसला की आत काहीतरी आहे एवढं समजायचं. मला त्या पहिल्या रुग्णाचंच कौतुक वाटलं. माझ्या गाठीचा टी-२ चित्रातला उजळपणा बघून त्यांनी ती बहुधा मऊ असेल असा अंदाज केला, आणि तो बरोबर ठरला.

ऑपरेशनचं मला सांगण्यासारखं फार नाही, मी झोपले होते. नाक-कान-घशाचे सर्जन आणि मेंदूचे सर्जन, दोघं मिळून. मांडीतली थोडी चरबी काढून खळग्यात भरली. नंतरचे दिवस लघवी मोजण्यात गेले, कारण ग्रंथीच्या मागच्या भागाला धक्का लागला तर पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडतं आणि माणूस तहानेने हैराण होतो. आठवड्याने सोडियम पुन्हा तपासलं. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही. सकाळी पडद्याकडे बघताना वरच्या कोपऱ्यातली रिंग दिसली तेव्हा मी नर्सला हाक मारून ती रिंग दाखवली. तिला वाटलं पडदा बदलायला सांगते आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी आधीच ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढून नसेचा थर फारसा झिजलेला नाही, त्यामुळे नजर परत यायला वाव आहे, असं सांगितलं होतं.

पुढचा एमआरआय लगेच केला नाही. तिथे रक्त, सूज, भरलेली चरबी यांची सरमिसळ असते आणि चित्र वाचणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून तीन महिने थांबवलं. तेव्हा भरलेली चरबी टी-१ प्रकारच्या चित्रात इतकी पांढरी दिसली की मी घाबरले. मॅडमनी चरबीची चमक दाबणारं चित्र लावलं, पांढरं गायब. कायाझम खाली उतरून पुन्हा पट्टी झालेलं. उजवीकडची चंद्रकोर पसरून खळग्याच्या तळाशी बसलेली. आणि डावीकडे, कॅरोटिडच्या बाहेरच्या अंगाला, ७ मिमीचा एक तुकडा. तिथे शिरायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

तो तुकडा काढणार नाहीत, बघत राहणार. वाढला तर नेमक्या जागी किरण देता येतात, पण त्यासाठी दृष्टीच्या नसांपासून निदान ३ ते ५ मिमी मोकळी जागा लागते, नाहीतर किरणांचा फटका नजरेला बसतो. माझा तुकडा कायाझमपासून ११ मिमीवर आहे. आता मी हा आकडा विचारते, आणि रिपोर्टमध्ये तो नसेल तर लिहून मागते.

दर वर्षी शक्यतो त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने. जुनी सीडी सोबत नेते, कारण नुसता जुना रिपोर्ट दिला तर वाचणाऱ्याला जुन्या शब्दांशी तुलना करावी लागते. सीडीतली चित्रं घरच्या संगणकावर उघडता येतात, मोजपट्टीही असते, आणि मी ती वापरते हे उघड आहे. मागच्या खेपेला माझ्या मोजणीत ७.४ आलं आणि मी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, कुठल्या कापावर मोजलं? मी शेजारच्या कापावर कर्सर ठेवला होता. “काप ३ मिमीचा, आणि तुम्ही मला दशांश सांगताय?” ड्रॉइंगवाल्या बाईला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक धरायचा ते, समजावून सांगावा लागला म्हणून त्या हसल्या. रिपोर्टमध्ये ७ मिमी, बदल नाही, असं आलं. पुढची तारीख त्यांनी फिल्डच्या तपासणीबरोबरच घ्यायला सांगितली आहे, म्हणजे दोन्ही कागद डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर एकदम ठेवता येतील.